डोनेशन पेज कोण कोण वाचतं? वर्धा, कुष्ठरोग आणि शब्दांची नव्वद वर्षं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी ह्या एपिसोडचं हे लिखित रूप. थोडं सावरून लिहिलंय, पण बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.

आजचा विषय जरा वेगळा आहे. तुमच्यापैकी काही जणांना माहीत आहे की मी दिवसा सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो आणि रात्री, शनिवार-रविवारी संस्थांसाठी लिहितो. म्हणजे डोनेशन पेज, सीएसआरचा प्रस्ताव, आरोग्य शिबिराचं पत्रक, दिव्यांग मुलांच्या नाटकाचं ब्रोशर, ‘८०जी ची पावती कधी मिळेल’ असल्या प्रश्नांची उत्तरं. ह्याला कॉपीरायटिंग म्हणतात. पैसे बेताचेच मिळतात, पण काम डोकं खाणारं आहे. काहून? कारण साबणाची जाहिरात चुकली तर साबण खपत नाही, एवढंच. आजाराबद्दलची ओळ चुकली तर माणूस दवाखान्यात जायचं टाळतो.

मी मूळचा वर्धा जिल्ह्यातला, आर्वीकडचा. हे काम करायला लागल्यावर लक्षात आलं की आपल्याच जिल्ह्यात, सोशल मीडिया वगैरे यायच्या कितीतरी आधी, लोकांनी हा प्रश्न अंगावर घेतला होता. आजाराचं नाव कुष्ठरोग. आणि प्रश्न असा: जो मजकूर वाचून दाता खिशात हात घालतो, तोच मजकूर वाचून पेशंट तोंड लपवतो का?

आधी डब्लिन

ह्या गोष्टीचं एक टोक आपल्याकडे नाही, आयर्लंडमध्ये आहे. वेलस्ली बेली नावाचा आयरिश माणूस पंजाबात अंबाल्याला शिक्षक होता. तिथे त्यानं कुष्ठरोग्यांची वस्ती पाहिली. १८७४ मध्ये मायदेशी गेल्यावर त्यानं ओळखीच्या लोकांसमोर ह्यावर बोलायला सुरुवात केली. त्या भाषणाची पुस्तिका छापली, वाटली. वर्षाला ३० पौंड जमले तरी पुष्कळ, अशी अपेक्षा होती. जमले त्याहून कितीतरी जास्त. त्यातून ‘मिशन टू लेपर्स’ ही संस्था उभी राहिली आणि भारतात ठिकठिकाणी तिचे आश्रम आणि दवाखाने निघाले.

आता हे कॉपीरायटरच्या नजरेनं बघा. पुस्तिका वाचणारा डब्लिनमध्ये आणि जिच्याबद्दल लिहिलंय ती बाई अंबाल्यात. ती ते कधीच वाचणार नाही. त्यामुळे लिहिणाऱ्याला मोकळीक होती. दुःख जितकं गडद रंगवाल तितका निधी जास्त. आजही मदतीचं आवाहन लिहिताना आपला हात नकळत तिकडेच वळतो. फरक एवढाच की आता दोन्ही वाचक एकाच फोनवर आहेत. ह्या संस्थेनंही १९६५ मध्ये नाव बदलून ‘लेप्रसी मिशन’ केलं. नावात आधी रोगी होता, आता रोग आला. छोटा बदल दिसतो, पण माणूस आणि आजार एकच नाहीत हे कबूल करायला त्यांना एक्क्याण्णव वर्षं लागली.

दत्तपूर, १९३६

आता वर्ध्यात या. आपल्या आजीच्या तोंडी ह्या आजाराचं नाव काय होतं? महारोग. काही ठिकाणी रक्तपिती. ‘महारोग’ म्हणजे रोगांतला सगळ्यांत मोठा, ज्याच्यापुढे इलाज नाही. निदान आणि शिक्षा दोन्ही एकाच शब्दात. घरात कुणाला झाला हे कळलं की लग्नं मोडायची, विहीर बंद व्हायची, माणूस गावाबाहेर जायचा.

१९३० च्या दशकात विनोबा वर्ध्याजवळ नालवाडीला राहत होते. आसपासच्या खेड्यांत फिरताना त्यांच्या कार्यकर्त्यांना हे पेशंट मोठ्या संख्येनं दिसायला लागले. त्यांच्यातले एक कार्यकर्ते मनोहर दिवाण. ते डॉक्टर नव्हते. तरी त्यांनी हे काम मागून घेतलं आणि १९३६ मध्ये वर्धा शहराजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू झालं. संस्थेचं नाव: महारोगी सेवा समिती.

नावात ‘महारोगी’ आहे, म्हणून आज कुणी नाक मुरडेल. पण त्या काळात दुसरा शब्द लोकांना कळलाच नसता. गावातल्या माणसाला पत्ता विचारायचा तर जो शब्द त्याच्या तोंडी आहे तोच वापरावा लागतो. आज मी वेबसाइटसाठी सर्चमधले शब्द निवडतो तेव्हा हाच पेच असतो. लोक जे टाइप करतात ते बरोबर नसतं आणि जे बरोबर असतं ते कुणी टाइप करत नाही. दत्तपूरनं पाटीवर जुना शब्द ठेवला आणि आतला व्यवहार बदलला. पेशंट शेती करायचे, सूत कातायचे, स्वतःच्या कामाचं खायचे.

सेवाग्राम: एक कुटी आणि एक कॅमेरा

१९३९ च्या सुमारास सेवाग्रामला परचुरे शास्त्री आले. संस्कृतचे विद्वान, गांधीजींशी येरवडा तुरुंगातली ओळख, आणि अंगावर वाढलेला कुष्ठरोग. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतलं, जवळच कुटी बांधून दिली, स्वतः त्यांच्या जखमा धुतल्या, मालिश केलं. परचुरे कुटी आजही आश्रमात आहे. सहलीला गेलात तर दोन मिनिटं तिथे थांबा. बहुतेक लोक बापूकुटी बघून परत फिरतात.

गांधीजी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा करतानाचा फोटो तुम्ही कुठेतरी पाहिलाच असेल. कुष्ठरोगाच्या पोस्टरवर, पुस्तकांत, ३० जानेवारीच्या कार्यक्रमांत तो असतोच. (३० जानेवारी हा आपल्याकडे कुष्ठरोग निवारण दिनही असतो.) त्या फोटोत काय नाही ते बघा. जखमेचा क्लोजअप नाही, हात पसरलेला नाही. दोन म्हातारी माणसं आहेत, एक बसलंय, दुसरं त्याच्याकडे बघतंय.

इथे एक गोष्ट जोडतो. सेवाग्राममध्ये गांधीजींचे नातलग कनू गांधी फोटो काढायचे. त्यांना परवानगी देताना गांधीजींनी तीन अटी घातल्या होत्या: फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचं नाही आणि आश्रम ह्यासाठी पैसे देणार नाही. अटी स्वतःच्या फोटोंबद्दल होत्या. पण पहिल्या दोन अटी आज कुठल्याही संस्थेनं आपल्या फोटोग्राफरला दिल्या, तर निम्मे वाईट फोटो निघणारच नाहीत.

मला एकदा एका संस्थेकडून ब्रीफ आला होता. नाव सांगत नाही. त्यात लिहिलं होतं, ‘बॅनरवर हाताची बोटं स्पष्ट दिसली पाहिजेत, त्याशिवाय लोक क्लिक करत नाहीत.’ एक सांगतो, त्यांचं म्हणणं सरसकट खोटं नव्हतं. धक्कादायक फोटोवर क्लिक येतात. पण ज्याच्या पाठीवर एक बधिर चट्टा आहे आणि जो रात्री गुपचूप फोनवर शोधतोय, त्यालाही तेच पेज दिसतं. त्याची बोटं धडधाकट आहेत. तो फोटो बघून त्याच्या मनात दोनपैकी एक येतं. एक, ‘माझं असं नाही, म्हणजे मला हा आजार नाही.’ दोन, ‘माझं असं होणार, म्हणजे सगळं संपलं.’ दोन्ही वेळा तो दवाखान्यात जात नाही. आणि ज्या आजारात लवकर गेलं तर बोटं वाचतात, त्यात हेच सगळ्यांत महाग पडतं.

गांधीजींनी ‘रचनात्मक कार्यक्रम’ ही छोटी पुस्तिका १९४१ मध्ये लिहिली आणि १९४५ मध्ये सुधारून वाढवली. त्यात कुष्ठरोग्यांवर एक भाग आहे. त्याची सुरुवातच शब्दापासून होते: ‘लेपर’ ह्या शब्दालाच वास मारतो, अशा अर्थाची. पुढे वर्ध्याजवळच्या मनोहर दिवाणांच्या कामाचा नावानिशी उल्लेख आहे. तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, क्यूबात हवाना इथे आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग परिषद भरली आणि तिथे डॉक्टरांनी ‘लेपर’ हा शब्द वापरू नये अशी शिफारस केली. शब्दाचा प्रश्न आता डॉक्टरांच्याही टेबलावर आला होता.

सेट: मधलं अक्षर

आता माझा सगळ्यांत आवडता भाग. गांधीजींच्या मृत्यूनंतर गांधी स्मारक निधी उभा राहिला. त्यातून १९५१ मध्ये वर्ध्याला गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन सुरू झालं. ह्या कामाची घडी बसवली डॉ. वारदेकरांनी. तोवरची पद्धत म्हणजे आश्रम बांधा, पेशंट आणून ठेवा. ह्यांनी ती उलटी केली. कार्यकर्त्यांनीच घरोघर जायचं.

पद्धतीचं नाव पडलं ‘सेट’: सर्व्हे, एज्युकेशन, ट्रीटमेंट. पाहणी, शिक्षण, उपचार. पाहणी म्हणजे एकेका गावातल्या प्रत्येक माणसाची कातडी तपासायची. उपचार म्हणजे डॅप्सोनच्या स्वस्त गोळ्या, पेशंटला घरीच ठेवून. १९५५ मध्ये सरकारचा राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि वर्ध्यातली ही पद्धत पुढे देशभर गेली.

मी इंजिनिअर माणूस, त्यामुळे मला हे एखाद्या पाइपलाइनसारखं दिसतं. सर्व्हे म्हणजे इनपुट, ट्रीटमेंट म्हणजे आउटपुट. मग मधे एज्युकेशन कशाला? कारण त्याच्याशिवाय दोन्ही टोकं बंद पडतात. अनोळखी माणूस दारात येऊन म्हणतो, सदरा काढा, पाठ बघायची आहे. कोण दाखवेल? आणि घरातल्या बायांनी परक्या पुरुषाला काय म्हणून दाखवावं? आधी विश्वास हवा, तो बोलण्यातून येतो. समजा चट्टा सापडला. डॅप्सोन तर वर्षानुवर्षं घ्यावी लागायची. पेशंटला काही दुखत नाही, चट्टा फक्त बधिर असतो. जे दुखत नाही त्यासाठी रोज गोळी कोण घेईल? पुन्हा बोलणंच.

आणि काय बोलायचं? हा आजार शापानं होत नाही, जंतूनं होतो. तो जंतू नॉर्वेच्या हॅन्सननं १८७३ मध्येच शोधला. आनुवंशिक नाही. बहुतेक लोकांच्या शरीरात त्याच्याशी लढायची ताकद जन्मतःच असते. बोटं ‘गळून’ पडत नाहीत. नस बधिर होते, मग भाजलेलं, कापलेलं कळत नाही आणि त्या जखमांनी बोटं झिजतात. हे शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. ते ऐकल्यावर पेशंट चुलीवरचं भांडं उचलताना फडकं घेतो, पायात चप्पल घालतो. एका वाक्यानं बोट वाचतं. कॉपीरायटिंगचं ह्याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

कोड की कोढ?

आता एक गंमत, जी गंमत नाही. मी दिवसभर कोड लिहितो. पण मराठीत ‘कोड’ म्हणजे अंगावर येणारे पांढरे डाग. तो कुष्ठरोग नाही, संसर्गजन्य नाही, त्यात बधिरपणा नाही. हिंदीत मात्र ‘कोढ़’ म्हणजे कुष्ठरोग! आणि आपला विदर्भ कसा आहे तुम्हाला माहीतच आहे, एका वाक्यात अर्धी मराठी अर्धी हिंदी. त्यात भर म्हणजे पांढऱ्या डागांना ‘श्वेतकुष्ठ’ म्हणायचीही पद्धत आहे.

परिणाम काय? कोड असलेल्या मुलीचं लग्न विनाकारण अडतं. आणि खरा कुष्ठरोग असलेला माणूस पांढरा डाग शोधत बसतो, जेव्हा त्याचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो आणि तिथे स्पर्श कळत नसतो. हिंदी पत्रक घाईघाईत मराठी केलं की ही चूक सहज शिरते. म्हणून मी अशा पत्रकात रंगाच्या आधी स्पर्श लिहितो: ‘जिथे हात लावलेला कळत नाही असा चट्टा.’ रंगाबद्दल गैरसमज होऊ शकतो, स्पर्श प्रत्येकाला स्वतःच्या बोटानं तपासता येतो.

हिंगणघाटचा वकील

जिल्ह्याची सीमा जरा ओलांडू. बाबा आमटे जन्मले हिंगणघाटला, १९१४ मध्ये, म्हणजे माणूस आपल्याच जिल्ह्यातला. वकिली केली वरोऱ्याला, आणि १९४९ मध्ये तिथे संस्था काढली. तिचं नावही महारोगी सेवा समिती. पण वस्तीला नाव दिलं आनंदवन. कागदावर ‘महारोगी’ आणि लोकांच्या तोंडी ‘आनंद’. कुठल्याही ब्रँडिंग एजन्सीला हे सुचलं नसतं.

बाबांची भूमिका सगळ्यांना माहीत आहे: भीक माणसाला मोडते, काम त्याला उभं करतं. ह्याचा मजकुरावर थेट परिणाम होतो. आनंदवनाकडे विकायला वस्तू होत्या: भाजी, सतरंज्या, शुभेच्छापत्रं. पुढे डॉ. विकास आमटेंच्या पुढाकारानं दिव्यांग आणि कुष्ठमुक्त कलाकारांचा ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद आला, तिकिटं लावून कार्यक्रम करणारा. पु. ल. देशपांड्यांसारखी माणसं तिथे दया दाखवायला जात नव्हती, मित्र म्हणून जात होती. वस्तू विकायची असेल तर मजकूर वस्तूच्या गुणावर लिहावा लागतो. ‘सतरंजी टिकाऊ आहे’ असं लिहिलं की विणणारा आपोआप कारागीर होतो. ‘बिचाऱ्यानं विणली आहे’ असं लिहिलं की सतरंजी एकदाच खपते.

पाकिटावरचा मजकूर

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बहुविध औषधोपचार सुचवला, म्हणजेच एमडीटी. रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन आणि डॅप्सोन. देशात सर्वांत आधी ज्या जिल्ह्यांत हा उपचार पोहोचला, त्यात वर्धा होता. वर्षानुवर्षांचा उपचार सहा किंवा बारा महिन्यांवर आला. १९९५ पासून ही औषधं जगभर मोफत मिळतात. गोळ्या अठ्ठावीस दिवसांच्या पाकिटात येतात.

पण एक भानगड आहे. क्लोफॅझिमिननं कातडी काळपट-तांबूस होते आणि रिफॅम्पिसिननं लघवी लाल होते. समजा हे आधी सांगितलंच नाही. बाईनं गोळ्या सुरू केल्या, महिनाभरात तोंड काळवंडलं, शेजारीण म्हणाली, ‘अवो, रोग तर वाढला!’ गोळ्या बंद. औषध उत्तम, मोफत, घरात पडलेलं, आणि उपचार थांबला एका न लिहिलेल्या वाक्यापायी. ‘रंग बदलेल, घाबरू नका, औषध संपल्यावर हळूहळू पूर्ववत होईल.’ मोजून नऊ शब्द.

‘निर्मूलन’ नावाची अडचण

डिसेंबर २००५ मध्ये भारतात राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचं ‘एलिमिनेशन’ झालं. ह्याचा तांत्रिक अर्थ: उपचार सुरू असलेले पेशंट दर दहा हजारांमागे एकाहून कमी. ‘इरॅडिकेशन’ वेगळं. ते देवीचं झालं, आजार पृथ्वीवरून गेला. मराठीत दोन्हींसाठी आपण एकच शब्द वापरतो: निर्मूलन. मूळच राहिलं नाही!

ऐकणाऱ्याला काय वाटणार? संपला आजार. दात्यालाही तेच वाटलं. त्याच सुमारास कुष्ठरोगाची वेगळी यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळली आणि घरोघरची पाहणी मागे पडली. ‘सेट’मधला पहिलाच पाय लंगडा झाला. २०१६ मध्ये सरकारनं पुन्हा घरोघर शोधमोहीम घेतली, तेव्हा तीस हजारांहून जास्त नवे पेशंट सापडले. आजही जगातले निम्म्याहून जास्त नवे पेशंट भारतात सापडतात, वर्षाला एक लाखाहून जास्त. पूर्व विदर्भात तर हा आजार अजून ओळखीचा आहे.

कायद्यातले शब्द आणखी सावकाश हलले. १८९८ चा ‘लेपर्स अ‍ॅक्ट’ रद्द झाला २०१६ मध्ये. जोडीदाराला कुष्ठरोग आहे एवढ्या कारणावरून घटस्फोट मागता येण्याची तरतूद गेली २०१९ मध्ये. तोवर औषध येऊन साडेतीन दशकं उलटली होती.

मग लिहायचं कसं?

मी ह्या सगळ्यातून कामापुरती एक चाळणी बनवली आहे. संस्थेसाठी काहीही लिहिलं की ते दोन माणसांना वाचायला लावायचं, निदान मनात तरी. एक, पैसे देणारा. दुसरा, ज्याच्याबद्दल लिहिलंय तो. दुसऱ्याला ते वाचून लाज वाटली तर ओळ बाद, मग ती कितीही निधी आणो. आणि त्याला पुढे काय करायचं ते कळलं नाही, तर ओळ अर्धवट. प्रत्येक डोनेशन बटनाच्या जवळ मी एक साधं वाक्य टाकायला सांगतो: बधिर चट्टा असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा, तपासणी आणि औषध मोफत आहे. काही क्लायंट म्हणतात, त्यानं कन्व्हर्जन कमी होईल. होऊ दे ना! ते वाक्य ज्याच्यासाठी आहे त्याच्यासाठीच तर संस्था आहे.

ह्या कामातल्या लोकांत गांधीजींचा एक किस्सा सांगतात. कुष्ठरोग्यांच्या दवाखान्याच्या उद्घाटनाला त्यांना बोलावलं, तर ते म्हणाले की उघडायला कुणीही चालेल, कुलूप लावायच्या दिवशी मला बोलवा. अशा संस्थांसाठी लिहिणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं. आपला मजकूर जितका चांगला, तितकी आपली गरज लवकर संपायला हवी.

एपिसोड आवडला असेल तर घरच्या ग्रुपवर टाका, विशेषतः ज्या ग्रुपवर आजी-आजोबा आहेत तिथे. त्यांच्या तोंडी ह्या आजारासाठी कोणता शब्द होता, तो मला नक्की कळवा. वऱ्हाडी, झाडी, कोकणी, अहिराणी, सगळं चालेल. चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!